दहा रुपयांची उधारी

जूनचा पहिला आठवडा होता. नुकतीच एक सर पडून गेली होती. ऐरोली स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर एक मावशी ओल्या गोणपाटावर शेवळांच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. शेवळं म्हणजे पहिल्या पावसात जंगलात जमिनीतून उगवणारे तपकिरी-जांभळे कोंब. वर्षातून जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. मी दोन जुड्या उचलल्या तशी त्यांनी न मागता बाजूच्या ढिगातली मूठभर हिरवी काकडं पिशवीत टाकली. "ही घालाच ताई, नायतर घसा धरंल." शेवळाला खाज असते. आतला पिवळा भाग काढून टाकला तरी ती पुरती जात नाही, काकडाच्या आंबटपणानेच ती मरते. हे ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकाला नुसती शेवळं विकली तर ते पुन्हा फिरकणार नाही, हे मावशींना पक्कं माहीत होतं.

पैसे देताना दहा रुपये कमी पडले. सुट्टे नव्हते आणि मावशींकडे क्यूआर कोडही नव्हता. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मंगळवारी येतेच मी."

त्या कर्जतच्या बाजूने येतात. पहाटेची लोकल पकडायची, ठाण्याला गाडी बदलायची आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला उतरायचं. ठाणे-वाशी मार्गावर २००४ साली प्रवासी गाड्या सुरू झाल्या नसत्या तर हा बाजारच नसता. अनोळखी बाईला दहा रुपयांची उधारी द्यायला त्यांना दोन सेकंदही लागले नाहीत. "मंगळवारी येतेच मी" या तीन शब्दांत बाजार नावाच्या गोष्टीचं निम्मं अर्थशास्त्र आहे असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

सध्या 'लोकल'ची चलती आहे. हिवाळा लागला की नवी मुंबईच्या मैदानांवर मांडव पडतात. मालवणी महोत्सव, आगरी-कोळी महोत्सव, खाद्यजत्रा, बचत गटांची प्रदर्शनं. प्रत्येकाच्या फलकावर 'स्थानिकांना रोजगार, स्थानिक अर्थव्यवस्थेला चालना' असं काहीतरी लिहिलेलं असतं. चालना म्हणजे नक्की काय? मैदानावर लोटलेल्या गर्दीतला कोणता रुपया गावाला लागतो आणि कोणता नुसता गावातून जातो?

गळकी बादली

अर्थशास्त्रात यासाठी एक साधं चित्र वापरतात, गळक्या बादलीचं. गावात येणारा पैसा म्हणजे बादलीत ओतलेलं पाणी. पगार, भाडं, पाहुण्यांची खरेदी असं वरून कितीही ओतलं तरी भोकं मोठी असतील तर बादली रिकामीच. बाहेरून आलेला माल, दुसऱ्या शहरातल्या मालकाचा नफा, ऑनलाइन मागवलेली वस्तू ही ती भोकं. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मोजण्याची एक सोपी रीत काढली. पैसा पहिल्या हातात आला, त्या हाताने तो गावात किती खर्च केला आणि ज्यांना तो मिळाला त्यांनी पुन्हा गावात किती खर्च केला, अशा तीनच फेऱ्या मोजायच्या. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात त्यांनी हा हिशेब केला. तिथल्या शेतावरून घरपोच येणाऱ्या भाजीच्या पेटीवर खर्च झालेल्या १० पौंडांतून गावाच्या पदरात एकूण २५ पौंडांची उलाढाल पडत होती. सुपरमार्केटमध्ये खर्च झालेल्या १० पौंडांतून १४.

आपल्या आकड्यांत बघू. समजा, प्रत्येक हात मिळालेल्या पैशातले ६० टक्के गावातच खर्च करतो. मग १०० रुपयांची नोट पहिल्या फेरीत १००, दुसऱ्या फेरीत ६० आणि तिसऱ्या फेरीत ३६ रुपयांची कामं करते. बेरीज १९६. तेच हात २० टक्केच गावात ठेवत असतील तर १००, २० आणि ४, म्हणजे १२४. नोट तीच, गिऱ्हाईक तेच. पुढचा हात कुणाचा, एवढाच फरक.

ऐरोलीची भोकं

ऐरोलीच्या एका अंगाला ठाण्याची खाडी आहे. दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याला लागून एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा. इथली मूळ वस्ती आगरी आणि कोळी. आगर म्हणजे मिठागर, आणि आगरी हे नाव त्यावरूनच आलं. भात, मीठ आणि खाडीची मासळी या तीन गोष्टींवर ही गावं जगत होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, सेक्टर आखले गेले. ऐरोली गाव आणि दिवा गाव आता चहूबाजूंनी सेक्टरांच्या इमारतींत आहेत. शेत गेलं तसं अनेक घरांचं उत्पन्न भाड्यावर आलं. पुढे कारखान्यांच्या शेजारी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि हजारो संगणकवाले रोज सकाळी इथे उतरू लागले.

वरून पाहिलं तर बादलीत पाणी भरपूर आहे. पण पगार ऐरोलीत मिळतो आणि घराचा हप्ता डोंबिवलीत जातो, दुपारचा डबा ॲपवरून येतो आणि शनिवारची खरेदी मॉलमध्ये होते. १९९९ साली ऐरोलीचा खाडीपूल झाला आणि मुलुंड हाकेच्या अंतरावर आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यात ऐरोलीही होतं. आता मुलुंडचा माणूस ताज्या मासळीसाठी इकडे येऊ शकतो आणि ऐरोलीचा माणूस तितक्याच सहज तिकडे जाऊ शकतो. कोणत्या बाजूचा बाजार जास्त ओढतो, त्यावर पुलाचा फायदा ठरतो.

वार का ठरतो?

आठवड्याचा बाजार एकाच वारी का भरतो? रोज का नाही? भूगोलाच्या अभ्यासकांनी याचा विचार केलेला आहे. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ साली दोन गोष्टी मांडल्या. दुकान टिकायला किमान किती विक्री लागते ही पहिली, आणि त्या वस्तूसाठी गिऱ्हाईक किती लांबून येईल ही दुसरी. विक्रीची गरज मोठी आणि गिऱ्हाईक येण्याचं अंतर लहान असेल तर एका जागी बसलेला दुकानदार बुडतो. मग तो फिरतो. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरं. १९६२ मध्ये जेम्स स्टाईन यांनी कोरियातल्या फिरत्या बाजारांवरून नेमकं हेच दाखवलं, आणि पुढे विल्यम स्किनर यांनी चीनच्या सेचुआन प्रांतातल्या बाजारांचे वार कसे एकमेकांत गुंफलेले असतात ते उलगडलं.

शेवळंवाल्या मावशींना हे सिद्धांत कुणी शिकवलेले नाहीत. पण ऐरोलीत शेवळं ओळखणारी घरं मोजकीच आहेत हे त्या जाणतात. रोज बसल्या तर माल सुकेल, आठवड्यातून एकदा बसल्या तर संपेल. उरलेल्या दिवशी जंगलात जायचं, निवडायचं, जुड्या बांधायच्या. वार ठरवून त्या आठवड्याभराची पातळ मागणी एका दुपारीत गोळा करतात. वार चुकवायचा नाही ही त्यातली एकमेव अट. कारण गिऱ्हाईकही त्या वाराच्या भरवशावर जेवणाचा बेत ठरवत असतं.

जत्रा ही याच युक्तीची वार्षिक आवृत्ती. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणारी म्हसा यात्रा घ्या. बैलांच्या बाजारासाठी ती नावाजलेली आहे, घोंगड्या आणि भांडीकुंडीही तिथे विकली जातात. बैल कुणी दर आठवड्याला घेत नाही, म्हणून त्याला वर्षातून एक बाजार पुरतो, मात्र तो चार तालुके ओढणारा लागतो. तिथीही हिशेबातली आहे. पौषात भात घरात आलेलं असतं, घेणाऱ्याच्या हातात पैसा असतो, रस्ते कोरडे असतात. देव निमित्ताला असतो, पण देवामुळेच तारीख कुणाला बदलता येत नाही. आणि तारीख न बदलणं ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची सोय आहे.

खाडीचं पंचांग

सणांचा आणि बाजाराचा मेळ सगळ्यात उघड दिसतो तो दिवा कोळीवाड्यात. खाडीतल्या मासेमारीचं घड्याळ चंद्रावर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला जोर, जाळ्यात जास्त माल. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, जाळं हलकं. खाडीत मिळतं तरी काय? बोयटं, चिंबोऱ्या, खाडीची कोलंबी, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आणि नशीब असेल तर एखादा जिताडा. आजूबाजूच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि भरावांनी ही यादी गेल्या काही दशकांत आखडत गेली आहे, हे कोणताही म्हातारा कोळी पहिल्याच वाक्यात सांगतो.

आता यावर माणसांचं पंचांग ठेवून बघा. आषाढाच्या अखेरीस दिव्यांची अमावास्या, जिला मुंबईकर गटारी म्हणतात. त्या आठवड्यात मासळीला मागाल तो भाव. दुसऱ्या दिवशी श्रावण, आणि निम्मं गिऱ्हाईक महिनाभर गायब. मग गणपती, पुढे नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. नाशवंत माल विकणाऱ्या बाईला हे तोंडपाठ असावं लागतं. एक दिवस चुकला तर पाटीतला माल बर्फाचे पैसे खातो किंवा उन्हात सुकट होतो.

यात पावसाळी बंदीची भर पडते. १ जूनपासून यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची मनाई असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. त्यामुळे मोठ्या बंदरांचा माल आटतो, त्याच दिवसांत खाडीतल्या छोट्या होडीच्या चिंबोरीला आणि कोलंबीला भाव येतो. शेवळंही तेव्हाच येतात. शेवळं आणि कोलंबी हा जूनमधला जुना बेत केवळ चवीपुरता नाही. डोंगरातली बाई आणि खाडीतली बाई यांचे दोन बाजार एकाच पातेल्यात मिळतात. त्या दिवशी माझे शेवळांचे पैसे कर्जतला गेले आणि कोलंबीचे दिवा कोळीवाड्यात राहिले. कर्जतला गेलेला पैसा ऐरोलीच्या बादलीतून गळाला का? हिशेबाने हो. पण तो शहरातून जंगलातल्या पाड्यावर गेला, जिथे रोख पैसा यायच्या वाटा फार थोड्या आहेत. 'स्थानिक' या शब्दाचं वर्तुळ किती मोठं काढायचं, हा प्रश्न गणिताने सुटत नाही.

श्रावणातल्या पौर्णिमेला नारळ. नारळी पौर्णिमेला सजवलेला नारळ मिरवणुकीने खाडीवर नेऊन दर्याला अर्पण करायचा आणि नव्या हंगामाला तोंड फोडायचं. हा दिवस खर्चाचा आहे. साड्या, फुलं, बँडबाजा, नारळीभात. पण हंगामाच्या तोंडावर सगळी वस्ती एकत्र येते तेव्हा जाळी कुणाची, भागीदारी कुणाशी, उसनवारी किती, हेही त्या गर्दीतच बोललं जातं. गावदेवीच्या जत्रेचंही तसंच. सणाचा खर्च डोळ्यांना दिसतो, पण त्या दिवशी पक्की होणारी पत कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

मांडवातला हिशेब

आता हिवाळ्यातल्या मैदानावर येऊ. महोत्सवातला सुरमईचा तुकडा खाताना पहिला प्रश्न हा की, हा पैसा नवा आहे का? ऐरोलीतलंच कुटुंब रविवारी कोपऱ्यावरच्या खानावळीत जाण्याऐवजी मैदानावर गेलं, तर गावाच्या उलाढालीत भर शून्य. खिसा तोच राहिला, फक्त गल्ला बदलला. नवा पैसा पुलावरून येतो, मुलुंड-भांडुपहून, किंवा जो एरवी मॉलमध्ये गेला असता तो.

दुसरा प्रश्न, स्टॉल कुणाचा? फिरते व्यावसायिक एका शहरातून दुसऱ्या शहरात महोत्सव करत हिंडतात. त्यात वाईट काही नाही, तोही व्यापारच आहे. पण त्यांचा आचारी, मसाला, गोठवलेली मासळी आणि नफा, सगळं ट्रकमध्ये येतं आणि ट्रकमधून जातं. गावाला मिळतं ते मैदानाचं भाडं, दोन-चार हमालांची मजुरी आणि कचरा. याउलट गावातल्या पाच बायकांनी स्टॉल घेतला, तर कोलंबी कोळीवाड्यातून येते, तांदळाचं पीठ शेजारच्या गिरणीतून आणि भांडी मंडपवाल्याकडून. तांदूळ-तेल मात्र तुर्भ्याच्या बाजार समितीतूनच आलेलं असतं, म्हणजे भोकं इथेही आहेत, फक्त लहान आहेत.

मग बायका स्टॉल का घेत नाहीत? आडवं येतं ते भाडं. दहा दिवसांचं भाडं आगाऊ भरायचं, त्यात दोन दिवस गर्दी नाही, एक दिवस वीज गेली, की नफा संपला. मोठा व्यापारी तो तोटा पुढच्या शहरात भरून काढतो. बचत गटाला पुढचं शहर नसतं. उपाय महाग नाहीत. पाच गटांना पाळीपाळीने दोन-दोन दिवसांसाठी एक स्टॉल, भाडं आगाऊ न घेता विक्रीतला हिस्सा आणि 'कच्चा माल गावातून किती घेतला' असा एक रकाना अर्जात. बचत गटांच्या मागे संस्था उभ्या आहेतच. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, आणि राज्यभरच्या गटांचा माल मुंबईत आणणारं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आता लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तेही याच वाटेवरचं पाऊल. पण शेवळांचा हंगाम तोवर संपलेला असतो. निसर्गाचा वार वेगळा आणि सरकारचा वेगळा.

पाहुणे पक्षी, गावची होडी

ऐरोलीकडे बाहेरचा पैसा आणणारी एक गोष्ट मात्र अशी आहे जी ट्रकमधून आणता येत नाही, ती म्हणजे रोहित पक्षी. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाण्याच्या खाडीत ते मोठ्या संख्येने असतात, ऐन हंगामात लाखाच्या घरात. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्रातून पक्षी बघायला बोटी सुटतात. त्यांची वेळ भरतीवर ठरते, ओहोटीत चिखल उघडा पडला की बोट जागची हलत नाही. म्हणजे इथेही खाडीचं पंचांग आलंच, आणि ते वाचता येणारी माणसं कोळीवाड्यातच आहेत. राज्याने २०१७ साली कांदळवनांच्या रक्षणाला उपजीविकेची जोड देणारी योजना आणली. खेकडेपालन, कालवं, निसर्ग पर्यटन अशी कामं किनाऱ्यावरच्या गटांना द्यायची, असा तिचा गाभा आहे.

गणित बादलीचंच आहे. ठाण्याहून आलेला पाहुणा तिकीट काढून, पक्षी बघून, गाडीत बसून परत गेला तर एक फेरी. उतरल्यावर त्याला कोळीवाड्यात जेवण मिळालं आणि जाताना सुकटीची पुडी हातात पडली, तर दोन-तीन फेऱ्या. आणि ज्या घरात तो जेवला, त्या घराला कांदळवन तोडण्यापेक्षा राखणं परवडू लागतं.

जागेचा हक्क

एवढं सगळं ज्यावर उभं असतं ती म्हणजे रस्त्याकडेची चार फूट जागा. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. त्यात 'नैसर्गिक बाजार' ही कल्पना आहे, म्हणजे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं आपसूक जिथे जमतात ती जागा. पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत किमान एकतृतीयांश महिला असाव्यात, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावं, ते पुरं होईपर्यंत कुणाला उठवू नये, असं तो सांगतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत, असंही.

व्यवहारात काय होतं ते कुठल्याही शहरात दिसतं. पालिका मंडई बांधते, ओटे घालते आणि ते रिकामे राहतात. विक्रेते मात्र रस्त्यावरच. पादचाऱ्याचा त्यावरचा राग खरा आहे, फुटपाथ त्याचाही आहे. पण ओटा रिकामा राहतो त्यामागे विक्रेत्याचा हट्टच असतो असं नाही. संध्याकाळी गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक घरच्या वाटेवरून शंभर पावलंही वळत नाही. मंडई त्या वाटेवर नसेल तर तिथे बसणं म्हणजे ख्रिस्टालरच्या दुसऱ्या नियमाशी भांडणं. आणि रोज एकाच ओट्याचं भाडं भरणं मंगळवारच्या मावशींना शक्यच नाही. त्यांना हवा आहे वाराचा ओटा, मंगळवारी त्यांचा, बुधवारी दुसऱ्या कुणाचा. राज्याने २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, तेव्हा वारावर जागा देण्याची सोय शहरांत होऊ शकते एवढं तरी दिसलं.

पुढच्या मंगळवारी मी दहाची नोट घेऊन स्टेशनबाहेर गेले. मावशी होत्या. पैसे हातात घेऊन त्यांनी कनवटीला लावले, आठवल्याचंही दाखवलं नाही. या वेळी शेवळं संपत आली होती, पुढच्या खेपेला कुर्डू आणि टाकळा आणते म्हणाल्या.

महोत्सवातही मी जाते, मजा येते. पण तिथे मला कुणी उधार देत नाही, आणि देऊही नये. अकराव्या दिवशी तो मांडव तिथे नसतो. एखाद्या जत्रेने गावाला काय दिलं हे मोजायचं असेल तर मला एकच कसोटी सुचते. मांडव उठल्यावर उधारी देऊ शकेल असे किती नवे चेहरे त्या गावात उरले?